खानदेशातले चरित्रनायक: पडद्यावर कोण यावं आणि कसं

मराठीला चरित्रपट नवा नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. तरी आज आपण ज्याला चरित्रपटांची लाट म्हणतो तिची सुरुवात २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'पासून धरली जाते. त्यानंतर 'मी सिंधुताई सपकाळ', 'बालगंधर्व', 'डॉ. प्रकाश बाबा आमटे', 'लोकमान्य', 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर', 'आनंदी गोपाळ', 'मी वसंतराव', 'स्वरगंधर्व सुधीर फडके' अशी रांगच लागली. या नावांवरून नजर फिरवली की दोन गोष्टी लक्षात येतात. नायक बहुतेक वेळा रंगभूमीतला, संगीतातला किंवा राजकारणातला असतो. आणि कथा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या आसपास घडते. विदर्भाला आमटे आणि सिंधुताईंमुळे थोडी जागा मिळाली. खानदेशाचं नाव मात्र शोधावं लागतं.

जळगाव-धुळ्यात हा विषय ठरावीक तारखांना निघतोच. ५ मे ही बालकवींची पुण्यतिथी, २४ ऑगस्ट ही बहिणाबाईंची जयंती, ९ सप्टेंबर हा नंदुरबारच्या बालहुतात्म्यांचा दिवस. भाषणं होतात आणि कुणीतरी म्हणतंच की यांच्यावर सिनेमा निघायला हवा होता. त्या मागणीचा हा आढावा आहे. कोणाची नावं घेतली जातात, त्यांच्या बाजूनं आणि विरोधात काय म्हटलं जातं, आणि गाडी कुठे अडते, एवढं इथे पाहायचं आहे. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून तिथली माणसंही यात आली आहेत.

बहिणाबाई: सगळ्यांत मोठी मागणी

पहिलं नाव बहिणाबाई चौधरींचं, याबद्दल वाद नाही. जन्म १८८० चा, आसोद्याचा. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न, तिशीत वैधव्य, प्लेगनं अपंग झालेला मोठा मुलगा ओंकार, भाऊबंदकी, शेती आणि हे सगळं करता करता जात्यावर, मळ्यात सुचलेल्या ओव्या. अक्षरओळख नव्हती. धाकटे चिरंजीव कवी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशा त्या टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. 'मानिनी' या १९६१ च्या चित्रपटात त्यांची गाणी वापरली गेली. म्हणजे त्यांचे शब्द पडद्यावर साठ वर्षांपूर्वीच पोचलेत.

चरित्रपटाच्या बाजूचं म्हणणं सरळ आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, शाळेच्या पुस्तकात त्यांची कविता आहे, पण ती लिहवून घेणारं आयुष्य लोकांना ठाऊक नाही. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. सिनेमाला लागणारं घर, शेत, जातं, सगळं जागेवर आहे.

विरोधी म्हणणं सिनेमाच्या बाजूनं येतं. पटकथेला प्रसंग लागतात, टक्कर लागते, आणि बहिणाबाईंच्या आयुष्यातलं मोठं सगळं आत घडलं. विधवा बाई नांगरटीला माणूस लावते, कापूस वेचते, संध्याकाळी चूल पेटवते. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. त्याला उठाव म्हणून मग गाणी लावायची आणि त्यांचं आयुष्य गाण्यांच्या मध्ये भरायचं, असा मोह होतो. तसं झालं तर सिनेमा गाण्यांचा संग्रह होईल आणि बाई हरवेल.

मला हा आक्षेप गंभीर वाटतो, पण निकाली वाटत नाही. अत्र्यांनी वही वाचली तो क्षण कितीही नाट्यमय असला तरी तो बहिणाबाईंच्या मृत्यूनंतरचा आहे, आणि तो सोपानदेवांच्या आयुष्यातला प्रसंग आहे. खरी पटकथा त्याच्या आधीच्या वर्षांत आहे. आई बोलते आणि मुलगा लिहून घेतो. मुलगा नाव झालेला कवी, पुस्तकी मराठीत लिहिणारा. आई निरक्षर, घरच्या बोलीत रचणारी. दोघांपैकी मोठं कोण, हे मुलाला कधी कळलं असेल? या एका नात्यावर दोन तास सहज उभे राहतील.

चाळीसगाव, भादली, धुळे

बहिणाबाईंच्या खालोखाल ज्यांची नावं येतात ते तिघं कलावंत-विद्वान आहेत, आणि तिघांची अडचण वेगवेगळी.

केकी मूस यांच्याबद्दल बोलताना लोकांचे डोळे चमकतात, आणि ते योग्यच आहे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडमधून शिकून आला आणि चाळीसगावच्या आपल्या घरात शिरला तो जवळजवळ पन्नास वर्षं बाहेर पडलाच नाही. घराचा उंबरा त्यांनी ओलांडला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. घराला नाव दिलं 'रेम्ब्राँट्स रिट्रीट'. घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश आणि सावली जुळवून ते असं छायाचित्र काढत, की बघणाऱ्याला वाटावं हा परदेशातला बर्फाळ रस्ता आहे. माणसांची व्यक्तिचित्रं, शिल्पं, रेखाचित्रं, कागदाच्या घड्यांची कामं, संगीत, हे सगळं त्याच चार भिंतींत चाललं. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. आज ते घर संग्रहालय आहे.

त्यांच्याभोवती एक कथा आहे. एका मुलीनं पंजाब मेलनं चाळीसगावला येण्याचं वचन दिलं होतं, आणि म्हणून मूस रोज त्या गाडीच्या वेळी दार उघडं ठेवून तिची वाट पाहत. प्रेमकथा म्हणून पटकथाकाराला याहून तयार काही मिळणार नाही, आणि वादही इथेच आहे. एक बाजू म्हणते, ही कथा खुद्द गावानं जपलेली आहे, ती घेतल्याशिवाय मूस उभेच राहणार नाहीत. दुसरी बाजू म्हणते, या कथेनं त्यांच्या कामावर आधीच पडदा टाकलाय. सिनेमाही तेच करणार असेल तर टेबलावरच्या त्या चित्रांची किमया कुणी दाखवायची? दुसऱ्या बाजूकडे माझा कल आहे. एक माणूस टेबलाशी वाकलाय, एक काडी अर्ध्या बोटानं सरकवतोय, दिवा हलवतोय, परत मागे येऊन कॅमेऱ्यातून पाहतोय. सिनेमा हे माध्यम नेमकं यासाठीच आहे. गाडीची शिटी ऐकू आली तर येऊ द्यावी.

बालकवींचं आयुष्य त्या मानानं छोटं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, १८९० चा. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या पोरसवदा कवीची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. रेव्हरंड टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तो भेटतो. ५ मे १९१८ ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्याचा अंत झाला. तो अपघात होता की आणखी काही, याची कुजबुज शंभर वर्षं चालली आहे. चरित्रकारांना तिथे थांबता येतं, 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहिता येतं. दिग्दर्शकाला कॅमेरा कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि तो ठेवला की बाजू घेतली जाते.

तिसरे इतिहासाचार्य राजवाडे. ते खानदेशचे नव्हेत. जन्म रायगडमधल्या वरसईचा. पण अखेरचा काळ धुळ्यात गेला, ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड, त्यासाठी गावोगावची पायपीट, वाड्यांच्या माळ्यांवरून काढलेली दप्तरं, आणि कुणाशीही न जमणारा स्वभाव. धुळ्यातल्या अभ्यासकांना हा नायक फार जवळचा आहे. मात्र कागद शोधणाऱ्या माणसाचा सिनेमा कोण पाहील, हा निर्मात्याचा प्रश्न काही थट्टेवारी नेता येत नाही. माझ्या अंदाजानं त्यांच्यासाठी उत्तम माहितीपट हीच योग्य जागा आहे.

अमळनेर ते चिमठाणे

स्वातंत्र्यलढ्याकडे वळलं की उमेदवार भराभर वाढतात. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. पण माणूस म्हणून घडले ते अमळनेरात. १९२४ पासून प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक, वसतिगृहाचे चालक, 'विद्यार्थी' मासिकाचे संपादक. १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज हातात आहे. पडद्यावर मात्र गुरुजी आले ते श्याम म्हणून. अत्र्यांच्या 'श्यामची आई'नं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा केली आणि ओम भूतकर यांनी गुरुजींची भूमिका केली. इथल्या जाणकारांचं म्हणणं असं, की आईच्या मायेत वाढलेला मुलगा दोनदा दाखवून झाला. शेतसाऱ्यासाठी शेतकऱ्यांत फिरणारा, गिरणी कामगारांमध्ये उभा राहणारा, 'काँग्रेस' साप्ताहिक चालवणारा अमळनेरचा गुरुजी अजून कुणी दाखवला नाही. याच्या उलट मत असंही आहे की गुरुजींचं आयुष्य ज्या रीतीनं संपलं, ते दाखवायची तयारी असल्याशिवाय त्या गुरुजींना हात घालू नये. दोन्ही मतं मला पटतात, आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

डिसेंबर १९३६ चं फैजपूर अधिवेशन हे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले धनाजी नाना चौधरी त्याचे एक आधारस्तंभ. नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक सामानातून उभारलेली ती नगरी दृश्य म्हणून अप्रतिम आहे. पण ते चित्र समूहाचं आहे, एका माणसाचं नाही.

नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांच्या गोळ्यांना छातीवर घेऊन पडला तेव्हा वयाची सोळा वर्षंही पुरी नव्हती. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले. या घटनेवर अर्ध्या तासाची फिल्म कुणीही करील. दोन तासांचा सिनेमा करायचा तर गोळीच्या आधीची पंधरा वर्षं लागतात, आणि त्या वयाच्या मुलाचं आयुष्य घर, शाळा आणि प्रभातफेरी एवढंच असतं. एकट्या शिरीषकुमारऐवजी पाचही मुलांची, त्या बाजारपेठेची आणि त्या घरांची गोष्ट सांगावी, ही सूचना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

पण या सगळ्यांत पटकथेला सर्वांत तयार असलेलं जोडपं वेगळंच आहे: डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील. बेचाळीसच्या आंदोलनात दोघं उतरले. लीलाताईंना शिक्षा झाली, त्या कैदेतून निसटल्या आणि भूमिगत झाल्या. १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी होते आणि खानदेशातून उत्तमराव होते. नवरा-बायको दोघं भूमिगत, दोघांवर पकड वॉरंट, एकाच चळवळीत आणि तरी महिनोन् महिने वेगळे. प्रतिसरकारचं नाव निघालं की सगळं लक्ष साताऱ्याकडे जातं आणि चिमठाणे ओझरत्या उल्लेखावर निभावतं. हे बरोबर नाही, असं धुळे जिल्ह्यातली जुनी माणसं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मला विचाराल तर खानदेशातला पहिला चरित्रपट लीलाताईंवर व्हावा.

आंबापाणी

१८५७ च्या उठावात सातपुड्यातले भिल्लही उठले, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार, म्हणजे कंपनी सरकारचाच नोकर. तो फिरला, भीमा नाईक त्याला येऊन मिळाला, सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ ला शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या, शेकडो स्त्रियांना कैद केलं. दोन वर्षांनी खाज्या विश्वासघातानं मारला गेला.

दक्षिणेतून मोठ्या बजेटचे आदिवासी नायकांचे सिनेमे येऊ लागल्यापासून खाज्याचं नाव जोरात घेतलं जातं. आदिवासी कार्यकर्त्यांमध्ये यावर दोन मतं आहेत. काहींना वाटतं, भव्य सिनेमा आला तर निदान नाव तरी देशाला कळेल. काहींना भीती वाटते, की बाहेरचा निर्माता येईल, खाज्याला दंड थोपटणारा पडद्यावरचा वीर करेल आणि घाटाची वसुली, जंगलावरचे हक्क, सावकार हे सगळं गाळून टाकेल. साधनांचीही अडचण आहे. जे लिहिलेलं आहे ते बहुतांश इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेलं, आणि त्यांच्या लेखी खाज्या दरोडेखोर. भिल्लांच्या गाण्यांतून, गोष्टींतून जे उरलंय ते गोळा करून त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय पटकथा एकांगीच होणार. याच भागात पुढे, १९३८ च्या सुमारास, गुलाम महाराजांनी दारूमुक्तीची आणि एकमेकांना 'आप' म्हणण्याची चळवळ उभी केली. सत्तरच्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराजांनी भूमिहीनांना संघटित केलं. ती नावं तर चर्चेतही क्वचित येतात.

बोली कोणती

चरित्रपट करायचा ठरला की पहिल्या बैठकीत हा प्रश्न येतो आणि तो सोपा नाही. बाहेरच्या माणसाला खानदेश म्हणजे अहिराणी. पण बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. हा फरक न पाळणाऱ्या नटीला जळगाव-यावल-रावेरचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत नाकारेल. अहिराणी धुळ्याकडे, चाळीसगाव-अमळनेरकडे. शिरीषकुमारच्या घरी गुजराती. खाज्याची भिल्ली. मूस यांच्या घरात गुजराती आणि इंग्रजी, बाहेर मराठी.

निर्माते म्हणतात, पुण्या-कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कळेल अशी मराठी हवी, बोलीचा फक्त गंध असावा. खानदेशातले लेखक म्हणतात, बोली काढली की माणूस निघून जातो. अलीकडे दुसऱ्या बाजूला बळ आलंय. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर प्रचंड प्रेक्षक मिळतो आहे. आणि शेजारच्या मालेगावात तर गेली पंचवीस वर्षं घरच्या बोलीत, घरच्या पैशात विडंबनपट निघताहेत. त्या उद्योगाचे जनक नासीर शेख यांच्यावर आधी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आणि पुढे रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट आला. चरित्रपटाचा नायक थोर, दिवंगत आणि पुतळ्यावर बसलेला असावा लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

परवानगी, पैसा, आणि जवळची माणसं

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. सार्वजनिक नोंदींत असलेल्या गोष्टींवर लिहिण्यासाठी त्या व्यक्तीची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सांगितलं. व्यक्ती गेल्यावर तिच्या खासगीपणाचा हक्क वारसांकडे येत नाही, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयानं जयललितांवरच्या चित्रपटाच्या प्रकरणात दिला. तरीही प्रत्यक्षात कुणी कुटुंबाला डावलून पुढे जात नाही. कागद, फोटो, पत्रं त्यांच्याकडेच असतात, आणि गावात चित्रीकरण करायचं तर गावाचा राग ओढवून चालत नाही.

अगदी जवळच्या काळातल्या माणसांबाबत हा पेच घट्ट होतो. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूर तालुक्यातलं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि राज्यातले मंत्री. 'भूमिका' या हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या चित्रपटासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे चरित्रपटातली मोठी भूमिका तिनं स्वतः केलेली आहे. १९८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी ती गेली. तिच्यावर सिनेमा करताना हयात माणसांची आयुष्यं उघडी करावी लागतील, आणि ते कुणी किती करावं यावर एकमत नाही, व्हायची शक्यताही दिसत नाही. गोंदूर गावच्या सुताराच्या घरात १९२५ साली जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांच्याबाबत असा अडसर कमी आहे. गावातला मुलगा, त्याचा हात ओळखणारे गुरुजी रामकृष्ण जोशी, जे. जे. स्कूलचं मेयो सुवर्णपदक, वेरूळ-अजिंठ्यातल्या शिल्पांच्या डागडुजीचं काम आणि शेवटी १८२ मीटरचा सरदारांचा पुतळा. रेषा सरळ वर जाते. तेच त्यातलं न्यून, असं पटकथाकार म्हणतील: अडथळा कुठे आहे?

पैशाचं गणित थोडक्यात असं. जुना काळ उभा करायचा तर खर्च वाढतो, राज्य सरकारचं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर मिळतं, आणि खानदेशात चित्रपटगृहं मोजकी. वेब मालिका हा पर्याय बहिणाबाईंसाठी आणि चिमठाण्यासाठी वारंवार सुचवला जातो. तो मला मान्य आहे.

काय ठरायचं बाकी आहे

बहिणाबाईंच्या भूमिकेसाठी लेवा बोली घरी बोलणारी नवी मुलगी घ्यायची की नाव असलेली अभिनेत्री, यावर निर्माते आणि जळगावकर आजही समोरासमोर उभे आहेत. मूस यांच्या प्रेमकथेचं काय करायचं, हे ठरलेलं नाही. भादलीच्या रुळांवर कॅमेरा कुठे ठेवायचा, हेही नाही. चिमठाण्याच्या लुटीत प्रत्यक्ष असलेली पिढी आता गेली; त्यांच्या मुलांनी-नातवांनी जपलेल्या आठवणी आणि पत्रं ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम विद्यापीठानं घ्यावं की राजवाडे मंडळानं, हा प्रश्न सिनेमाच्या आधी सुटायला हवा. आणि आंबापाणीच्या लढाईनंतर कैद झालेल्या स्त्रिया आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत संख्येनं येतात, नावानं येत नाहीत. उद्या कुणी त्यांच्यावर पटकथा लिहायला बसलं, तर पात्रांची नावं कुठून आणायची, हे त्याला पावऱ्या-भिल्लांच्या पाड्यांवर जाऊन, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारूनच ठरवावं लागेल.